शब्दचर्चा : हेतू, उद्देश, संगनमत, कट, तयारी, प्रयत्न

प्रश्न : एकाच बातमीत 'खुनामागचा हेतू अद्याप स्पष्ट नाही' आणि 'जिवे मारण्याच्या हेतूने वार केले' अशी दोन वाक्ये वाचली. हेतू स्पष्ट नाही, तर तो जिवे मारण्याचा होता हे कसे ठरले? शिवाय संगनमत आणि कट एकच का?

उत्तर : एकच शब्द दोन कामांना जुंपल्यामुळे हा घोळ होतो. पहिल्या वाक्यातला हेतू म्हणजे कृत्यामागचे कारण : सूड, पैसा, बांधावरचा वाद. दुसऱ्यातला म्हणजे वार करताना काय घडवून आणायचे होते ते. या दुसऱ्या अर्थाने 'उद्देश' लिहावा असे माझे ठाम मत आहे. असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या वडिलांना मुलाने विष दिले, तर हेतू दयेचा, उद्देश मात्र जीव घेण्याचाच. आणि कायदा उद्देश पाहतो. डोळ्यांदेखत पाहणारा साक्षीदार भक्कम असेल तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून खटला कोसळत नाही. सगळी भिस्त परिस्थितिजन्य पुराव्यावर असली की मात्र हेतूला वजन येते.

एकापेक्षा जास्त आरोपी असले की फिर्यादीत 'संगनमत करून' हे शब्द बहुधा येतातच. त्यांच्यामागे भारतीय दंड संहितेचे (भादंवि) कलम ३४ असायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३(५). हा वेगळा गुन्हा नव्हे. सर्वांचा उद्देश समान असेल, तर एकाने केलेले कृत्य सर्वांच्या माथी येते, एवढाच तो नियम.

कट निराळा. १८६० च्या दंड संहितेत तो मुख्यतः अपप्रेरणेचा, म्हणजे दुसऱ्याला गुन्ह्यासाठी चिथावण्याचा किंवा साह्य करण्याचा, एक प्रकार होता. १९१३ साली १२० अ आणि १२० ब ही कलमे घालून तो स्वतंत्र गुन्हा झाला (आता कलम ६१). गुन्हा करायचे दोघांनी ठरवले की ते ठरवणे हाच गुन्हा, मग पुढे कोणी बोटही उचलले नाही तरी. एकट्याचा कट होत नाही. एकट्या आरोपीबद्दल 'त्याने कट रचला' असे छापून येते, तिथे 'बेत आखला' म्हणावे. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

प्रश्न : 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' ही बातमी नेहमीची. त्या तयारीला शिक्षा आहे का?

उत्तर : आहे, आणि म्हणूनच तो मथळा इतका दिसतो. एरवी नुसत्या तयारीला शिक्षा नसते, कारण माणूस तिथूनही मागे फिरू शकतो. दरोडा हा ठळक अपवाद. दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी. तिच्या तयारीलाच दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कोयता, दोर, मिरची पूड यांचा पंचनामा होतो तो ही तयारी दाखवण्यासाठी.

इतर गुन्ह्यांत तयारी कुठे संपते आणि प्रयत्न कुठे सुरू होतो, यावर न्यायालयांत खरी झुंज होते. पंजाबातून भात बाहेर नेण्यास बंदी असताना भाताचा ट्रक समालखा नाक्यावर अडवला गेला. सरहद्द अजून पुढे होती, चालक परत फिरू शकला असता. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ही तयारीच. उलट वसईजवळच्या कामण खाडीकाठी गाडीतून चांदी उतरवली जात असताना आरोपी पकडले गेले, आणि खाडीतून यांत्रिक होडीचा आवाज ऐकू आला होता. उच्च न्यायालयाने सुटका कायम ठेवली होती; १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवून याला तस्करीचा प्रयत्न ठरवले. मला हा दुसरा निकाल जास्त पटतो. चांदी खाडीवर पोचल्यावर उरले होते फक्त होडीत चढवणे.

राहिला बोलण्यातला 'हाफ मर्डर', म्हणजे खुनाचा प्रयत्न : जुने कलम ३०७, आताचे १०९. 'हाफ' ऐकून माणूस अर्धमेला झालेला असावा असे वाटते, पण कायद्याला तशी गरज नाही. गोळी झाडली आणि नेम पूर्ण चुकला, तरी उद्देश मारण्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. दुखापत झाली तर जन्मठेपेपर्यंत. हत्यारही लागत नाही. बायकोला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या पंजाबातल्या एका नवऱ्याची याच कलमाखालची शिक्षा १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. ती निसटून रुग्णालयात पोचली, म्हणून वाचली.