ल्युकसने कॉन्स्टेबलचं आकाश काळवंडवलं का?

खडू_कोळसा: डेव्हिड ल्युकसने इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या निसर्गचित्रांवरून केलेली मेझोटिंट (धातूच्या प्लेटवर काळ्यातून उजेड काढत केलेली छापचित्रं) पाहिली. ढगांना नुसती काजळी फासलीय. रंग गेले, हवा गेली. कारागिराने चित्रकाराची पार वाट लावली.

तांबेपत्रा: ल्युकसवर खापर फोडण्याआधी प्रूफं, म्हणजे चाचणीचे ठसे, तरी बघा! 'इंग्लिश लँडस्केप' या त्यांच्या छापचित्रसंचाच्या २२ प्लेट १८३० ते १८३२ मध्ये निघाल्या, त्याही कॉन्स्टेबलच्या स्वतःच्या खर्चाने. तो प्रूफांवर दुरुस्त्या करकरून परत पाठवायचा. १८३३च्या आवृत्तीच्या शीर्षकातच निसर्गातला छायाप्रकाश दाखवायचा हेतू दिलाय. काळोख त्यालाच हवा होता.

खडू_कोळसा: हवा होता म्हणून चांगला ठरतो का? झाडांच्या सावलीत काही म्हणजे काही दिसत नाही.

शाई_बोळा: तुम्ही कुठला ठसा पाहिलात त्यावर आहे. रॉकर (दातेरी हत्यार) सगळ्या दिशांनी फिरवला की प्लेटभर बर, म्हणजे धातूचे बारीक कंगोरे, उभी राहते; तशीच छापली तर सलग काळी. मग स्क्रेपरने बर खरवडून उतरवत करडे टोन काढायचे, लख्ख उजेडाला बर्निशरने घासून गुळगुळीत करायचं. सावलीतले टोन अगदी लागून असतात. पुसताना शाई जरा जास्त राहिली की सगळे एक होतात. कागद नीट भिजलेला नसेल तर शाई पुरती उचलली जात नाही, काळ्यात पांढरे ठिपके येतात. पण खरा घोटाळा ल्युकसने वापरलेल्या पोलादी प्लेटांचा, पोलादाचा. तांब्याची ऊब त्याला नाही.

तांबेपत्रा: पुन्हा तेच तुणतुणं! तांब्याची बर प्रेसखाली लवकर बसते. 'लिबर स्टुडिओरम' या चित्रकार टर्नरच्या छापचित्रसंचाच्या झिजलेल्या तांब्याच्या प्लेटांची डागडुजी त्याला स्वतः करावी लागली.

शाई_बोळा: करावी लागली, पण सुरुवातीचे ठसे बघा! तपकिरी शाई, काळोखसुद्धा मोकळा.

तांबेपत्रा: तिथे आकार आधी एच केलेल्या, म्हणजे आम्लाने कोरलेल्या, रेषेने धरलेला असतो. ल्युकसचा सगळा भर टोनवर. तुलनाच चुकीची आहे.

खडू_कोळसा: विषय आकाशाचा होता, धातूचा नाही.

शाई_बोळा: धातूशिवाय आकाश समजणार नाही. प्लेट उजळवणं सोपं. उजळलेलं पुन्हा काळं करायचं तर तेवढाच भाग परत रॉक करावा लागतो, आणि जुन्या-नव्या पोताचा सांधा दिसतो. कॉन्स्टेबल सारखा बदल सांगायचा. 'ग्लीब फार्म' या चित्राची पहिली प्लेट तर शेवटी 'कॅसल एकर प्रायरी' हे दुसरंच चित्र झाली. इतकी ओढाताण झाल्यावर काही प्लेट जड होणारच.

खडू_कोळसा: म्हणजे जड झाल्या, हे मान्य!

तांबेपत्रा: काही झाल्या. पण दोष एकट्या ल्युकसचा नाही. आणि त्याच संचातली 'स्प्रिंग' बघा: पवनचक्की, नांगर, वरून सरकणारे ढग. तिथे काजळी दाखवा.

खडू_कोळसा: ठीक, 'स्प्रिंग' सोडतो. बाकीच्यांबद्दल मत तेच.