इकेबाना घरच्या घरी शिकता येईल का? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. डोळे मिटून ध्यानाला बसलो की दोन मिनिटांत हात मोबाईलकडं जातो, म्हणून हाताला काम देणारं काहीतरी हवंय आणि सध्या इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, डोक्यात बसलंय. जवळपास क्लास काही सापडला नाही. ते देठ खोचायचं खिळ्यांचं केन्झान ऑनलाईन मागवू का? आणि मे महिन्यात आपल्याकडं फुलं टिकणार तरी कशी?

काटकीवाली:
थांबा दादा, आधी घरातला तांब्या काढा. नागेइरे म्हणून प्रकार आहे त्यात केन्झान लागतच नाही, उभ्या भांड्याच्या तोंडात एक काडी आडवी घट्ट बसवायची आणि तिच्या आधारानं फांदी टेकवायची. पसरट भांड्याला मात्र केन्झान हवंच. इकेबानाच्या सोगेत्सु शाखेचं माप सोपंय, भांड्याची रुंदी अधिक उंची, त्याच्या दीडपट मुख्य फांदी, तिला शिन म्हणतात. म्हणजे 25 सेंमी रुंद, 5 सेंमी उंच भांडं असेल तर शिन 45 ची, दुसरी फांदी सोए तिच्या पाऊणपट, तिसरी हिकाए सोएच्या पाऊणपट.

पण खरी गंमत कापायच्या आधी असते. परवा कडुलिंबाची डहाळी आणली, पंधरा मिनिटं नुसती फिरवत बसले कारण एकच पान वेगळ्या बाजूला वळलेलं होतं, ते उठून दिसावं म्हणून बाकीची एकेक काढली आणि शेवटी कात्री नेमकी त्याच पानावर. गेलं. तेवढ्या वेळात मोबाईल कुठं होता आठवत पण नाही.

देठ पाण्यात बुडवूनच कापा, हवा शिरत नाही. कूलरच्या झोतात ठेवू नका. आणि पाणी रोज बदला हे सोलापुरात सांगणं म्हणजे चेष्टाच, पण जुनं पाणी कुंडीत ओतता येतं की.

गड्डा_फॅन:
आमची आई म्हणाली एवढी शेवंती आणून तीनच लावली होय, बाकीची देवाला दे! तसं मूळ पण देवळातलंच आहे म्हणा, सगळ्यात जुनी शाखा इकेनोबो, क्योतोच्या रोक्काकुदो देवळातली, बुद्धापुढं फुलं वाहायचे त्यातनं वाढलेली. नावाचा अर्थ तळ्याकाठची कुटी. आपला सिद्धेश्वर तर तळ्यातच आहे.

जुळे_सोलापूरकर:
तांब्या सापडला. बोगनवेल चालेल का? गच्चीवर तेवढीच जिवंत आहे.

काटकीवाली:
चालेल, पण तोडल्यावर लवकर मान टाकते, निम्मी पानं काढून टाका. काटे सांभाळा.