मदत हवी आहे: शिनजियांगच्या कापसाबाबत पुरवठादाराचे हमीपत्र पुरेसे ठरते का?

नमस्कार. मी तयार कपडे निर्यात करणाऱ्या एका लहान कंपनीच्या खरेदी विभागात आहे. आमचा बराचसा माल अमेरिकेला जातो आणि आम्हाला कापड पुरवणारी गिरणी काही सूत चीनमधून आणते. त्यामुळे अमेरिकी सरकारने चीनच्या वायव्येकडील शिनजियांग प्रदेशाच्या पुरवठासाखळीबाबत उद्योगांसाठी जुलै २०२० मध्ये काढलेली आणि २०२१ मध्ये सुधारलेली मार्गदर्शिका सध्या वाचतो आहे.

तिथल्या उईगुर (एक मुस्लिम समुदाय) व इतर अल्पसंख्याकांच्या सक्तीच्या श्रमाची चिन्हे कशी ओळखावीत, हे तीत नेमके सांगितले आहे. कामगार सरकारी योजनेतून इतर प्रांतांतल्या कारखान्यांतही पाठवले जात असल्याने पुरवठादाराचा पत्ता शिनजियांगबाहेरचा आहे, एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. त्रयस्थ ऑडिटवरही विसंबू नये, असे ती बजावते. पाळत असताना कामगार मोकळेपणाने बोलणार तरी कसा? हे पटते, पण मग आमच्यासारख्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?

२१ जून २०२२ पासून लागू असलेल्या अमेरिकी कायद्यानुसार शिनजियांगमध्ये पूर्णतः किंवा अंशतः तयार झालेला माल सक्तीच्या श्रमाचाच आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नसल्याचा भक्कम पुरावा आयातदाराने द्यायचा असतो. साहजिकच आमचा ग्राहक आमच्याकडे थेट कापसापर्यंतची कागदपत्रे मागतो. गिरणीने मात्र एका पानाचे हमीपत्र पाठवले आहे. त्यात ‘कापसाचे मूळ’ या रकान्यात ‘मिश्र’ असे लिहिले आहे आणि लॉट क्रमांकाचा रकाना कोरा आहे. असे हमीपत्र फायलीत लावणे म्हणजे जबाबदारी खाली ढकलणे, असे माझे मत आहे. (आमच्या वरिष्ठांना ते पुरेसे वाटते.)

सूतगिरणीत वेगवेगळ्या गाठी एकत्र मिसळल्या जातात. अशा वेळी गाठींच्या खरेदी पावत्या, वाहतुकीची कागदपत्रे आणि उत्पादनाची नोंदवही यांचा मेळ कोणी प्रत्यक्ष घातला आहे का, आणि सूतगिरणी ही कागदपत्रे द्यायला तयार व्हावी म्हणून खरेदी करारात कोणते कलम घातले? कापसाचे मूळ शोधणारी आयसोटोप चाचणी मिश्र सुतावर कितपत उपयोगी पडते? आमची मागणी इतकी थोडी आहे की दबाव टाकण्याची आमची ताकद नाही. त्यामुळे अशा स्थितीत पुरवठादार बदलण्याआधी त्याला किती मुदत द्यावी, याविषयीही अनुभवी सदस्यांनी कृपया लिहावे.