वॉकर घेतलेल्या बाबांना हिवाळ्यात एक दिवस समुद्रावर न्यायचंय. कुठे आणि कसं?

केतकी_पुणे

नमस्कार. माझे बाबा ७६ वर्षांचे. मूळचे बार्शीचे, सगळी नोकरी कोरड्या मुलखात झाली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका आला, तेव्हापासून वॉकर घेऊन चालतात. परवा संध्याकाळी कानटोपी घालून गॅलरीत बसले होते. एकदम म्हणाले, "समुद्राजवळ बसून एकदा चहा प्यायचाय." आयुष्यात त्यांनी समुद्र एकदाच पाहिलाय, गिरगाव चौपाटीवर, गर्दीत, उभ्याउभ्या.

बरोबर आई, नवरा, मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ६ वर्षांचा. शुक्रवारी रात्री पोहोचायचं, शनिवार अख्खा तिथे काढायचा, रविवारी परत. किल्ले, देवळं, बोटिंग काही नको. कोकणात कुठे जावं?

आणि खरा प्रश्न हा: वाळूत वॉकर चालतो का? ज्याला विचारावं तो म्हणतो, "वाळूत नाही जमणार, गाडीतूनच दाखव." मला बाबांना काचेमागून समुद्र दाखवायचा नाहीये.

सुरूची_सावली

गुहागर. किनारा गावाच्या अगदी पाठीशी आहे, व्याडेश्वराच्या देवळापासून चार पावलांवर. सुरूच्या झाडांखाली सावलीत बसता येतं, आणि किनारा इतका लांब की गर्दी असली तरी जाणवत नाही. मात्र पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे यायचं म्हणजे थांबत थांबत सहा तास धरा. बाबांना तेवढं बसवेल का, ते आधी बघा.

वाडीवाली

केतकीताई, मी अलिबागजवळ चौलला राहते, रेवदंड्याच्या शेजारी. लग्न होऊन या वाडीत आले त्याला ३४ वर्षं झाली. तुमचा प्रश्न वाचला आणि सासूबाई आठवल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या वाडीतून समुद्र चालत वीस मिनिटांवर. पण इथल्या बायका समुद्रावर फिरायला म्हणून जात नाहीत. नारळ-सुपारी, शिंपणं, गुरं, आलं-गेलं. समुद्र म्हणजे रात्री अंथरुणावर पडल्यावर ऐकू येणारी गाज, एवढंच. सासूबाई ८२व्या वर्षी खुब्याच्या दुखण्यातून उठल्या, हातात वॉकर आला, आणि एक दिवस म्हणाल्या, "मला दर्यावर ने." शेवटच्या कधी गेला होतात विचारलं, तर कुठल्याशा नारळी पौर्णिमेची आठवण सांगितली. ती माझ्या लग्नाच्याही आधीची होती.

पहिल्यांदा नेलं ते रविवार बघून, सकाळी दहाला. नेमकी भरती. भरतीला किनाऱ्याचा उरतो तो फक्त वरचा कोरडा, भुसभुशीत पट्टा. वॉकरचे पाय वीतभर आत गेले. प्लास्टिकची खुर्ची ठेवली तर ती एका अंगाला कलली. सासूबाईंनी एक शब्द न बोलता पदर तोंडाला लावला. तसेच परत आलो. अजून आठवलं की माझ्या पोटात कालवतं.

दारावर मासळी घेऊन येणाऱ्या थेरोंड्याच्या मावशींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वहिनी, वार कसला बघता? तिथी बघा."

म्हणून तुम्हालाही माझं तेच सांगणं आहे. गाव कुठलंही निवडा, पण दिवस पाण्याच्या हिशोबाने निवडा. हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती. अष्टमीला सहाला. तिथून सव्वासहा तास पुढे किंवा मागे गेलात की पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी सहाच्या आगेमागे पाणी पार लांब गेलेलं. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढही कमी आणि उतारही कमी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळेल.

पाणी हटतं तेव्हा खालची वाळू ओली, सपाट आणि टणक असते. रेवदंड्याची वाळू काळसर, बारीक आहे. ओहोटीला तिच्यावरून मुलं सायकली पळवतात. वॉकर तर सहज चालतो.

मग आम्ही पौष पौर्णिमा धरली. त्या दिवशीचं सांगते, म्हणजे तुम्हालाही दिवस कसा लावायचा ते कळेल. सकाळी मतलई वारा होता, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, चांगला गार. तेव्हा सासूबाईंना बाहेर काढलंच नाही. अंगणात ऊन आलं तशी तिथे बाज टाकून दिली, न्याहारीला घावणे आणि नारळाचं दूध. दुपारी भरती आणि ऊन दोन्ही, म्हणून वाडीतच जेवण, वामकुक्षी. पोरं विहिरीवरच्या पाटात कागदाच्या होड्या सोडत होती. हा रिकामा वेळ मोडू नका, केतकीताई. तेवढ्या वेळात अलिबागला जाऊन येऊ, असं कोणीतरी म्हणेलच. नका जाऊ. म्हातारं माणूस गाडीत दमतं आणि संध्याकाळी त्याला नुसतं पडून राहावंसं वाटतं.

पावणेपाचला निघालो. रेवदंड्यात आगरकोटाच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, तटातून किनाऱ्यावर वाट जाते. कोरड्या वाळूची पंचवीस-तीस पावलं तेवढी अवघड. तिथे आम्ही दोन तरटं नेली होती. एक पुढे पसरायचं, त्यावरून सासूबाई चालायच्या, तोवर मागचं उचलून पुढे टाकायचं. दहा मिनिटं लागली. लागू द्या. ओल्या वाळूत पोहोचल्यावर खुर्ची ठेवली ती लाकडी पाटावर, म्हणजे पाय रुतत नाहीत. पाट घरून न्या, विसरू नका.

सासूबाईंनी बसल्याबसल्या चपला काढायला लावल्या. पायाची बोटं वाळूत रुतवली आणि म्हणाल्या, "गार आहे गं."

मग दीड तास त्या जवळजवळ बोलल्याच नाहीत. समोर कुरवांचा थवा पाण्याच्या कडेला बसला होता. हे पांढरे पक्षी फक्त थंडीत येतात, उत्तरेकडून. पोरं वाळूतल्या बारीक खेकड्यांपाशी उकिडवी बसली होती. ते खेकडे वाळू तोंडातून चाळून तिच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती मांडत जातात, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला दुसरं खेळणं लागणार नाही. डावीकडे खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर, त्यावर किल्ल्याची तटबंदी. मी थर्मासातला चहा ओतला, आल्याचा, गवती चहा घातलेला. सूर्य पाण्यात टेकला तेव्हा पाठीमागे माडांवर चंद्र वर आला होता. पौर्णिमेला हे दोन्ही एकाच वेळी दिसतं, एकदा पुढे बघायचं, एकदा मागे. सासूबाईंची खुर्ची मग आम्ही आडवी वळवली, म्हणजे मान न फिरवता त्यांना दोन्ही दिसावं.

अंधार पडायच्या आत उठा. वारा पडला की दव लागतं. शाल आणि पायमोजे हाताशी ठेवा.

आणि रात्री पोपटी. जानेवारीत आमच्याकडे आलात आणि पोपटी खाल्ली नाहीत, तर मला वाईट वाटेल. भात काढल्यावर त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल होतात. त्यांच्या कोवळ्या भरलेल्या शेंगा. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे बटाटे, रताळी, अंडी, हवं तर केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. तोंड परत पाल्याने गच्च बंद. पाणी एक थेंब नाही. मडकं उपडं करून वर पेंढा, झावळ्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचं. अर्धा-पाऊण तास सगळे शेकत बसतात. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्रकन उडून गेलं, की झालं. भांबुर्ड्याचा वास शेंगांना लागतो, तो दुसऱ्या कशालाच येत नाही. राहाल त्या घरी दोन दिवस आधी सांगून ठेवा.

एक सावधगिरी: दत्तजयंतीला इथे चौल-भोवाळ्याची जत्रा असते, पाच दिवस. जत्रा छानच, पण वॉकर घेऊन तेव्हा नका येऊ. पौष धरा. मुलीला मात्र एक सांगा, की पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन याच चौल बंदरात उतरला होता. रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे.

दर्या_रत्नागिरी

वाडीवालींचा पाऊणपटीचा हिशोब आमच्याकडेही चालतो. दोन गोष्टी जोडतो. पाणी इतकं लांब हटतं ते रायगडकडे. तिथे उधाणाला चढ-उतार चार मीटरच्या आसपास असतो. दक्षिणेला यावं तसा तो कमी होत जातो, मालवणला बराच कमी. तेव्हा तुमच्या कामाला रेवदंडाच बरं, हे मी रत्नागिरीकर असून सांगतोय.

दुसरं मुलांबद्दल. ओहोटीचं पाणी शांत दिसतं, पण ओढ आत असते. चालायला ओहोटी उत्तम, डुंबायला नाही. घोट्यापर्यंतच, आणि एक मोठं माणूस कायम मुलांच्या आणि समुद्राच्या मधे उभं. आणि गाडी वाळूत घालू नका, कोणी कितीही "सगळे घालतात" म्हणालं तरी. रुतली आणि भरती लागली तर गाडी तर जातेच, बाबांची संध्याकाळही जाते.

केतकी_पुणे

काकू, तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. खुर्ची आडवी वळवली तिथे ती थांबव म्हणाली आणि आत निघून गेली.

दोन शंका. पौर्णिमा शुक्रवारी येते आहे, आम्हाला शनिवारच जमेल. प्रतिपदा चालेल का? आणि आई-बाबा शाकाहारी आहेत, तर पोपटीत काय?

वाडीवाली

प्रतिपदा चालेल. एक दिवस पुढे गेला की ओहोटी पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे पूर्ण ओहोटी सूर्यास्तानंतर, पण पाच वाजता पाणी बरंच हटलेलं असेल आणि नुकती उघडी पडलेली वाळू छान घट्ट असते. चंद्र थोडा उशिरा उगवेल, तो परत येताना माडांतून दिसेल.

आईंसाठी मडकं वेगळं लावायला सांगा. शेंगा, बटाटे, रताळी, कोनफळ, आणि लहान वांगी चिरून आत ओलं खोबरं, मिरची, लसूण, कोथिंबीर भरलेली. माझ्या सासूबाई माळकरी होत्या, त्यांचं असंच लागायचं. बाबांना शेंगा सोलून द्या, दाणे गरम असतात आणि त्यांच्या बोटांना अजून जोर नसेल.

केतकी_पुणे

ठरलं. चौलातच एका वाडीत दोन खोल्या सांगितल्या, दोन मडकी सांगितली. तरटं मंडईतून आणली. पाट आईने माळ्यावरून काढून धुऊन गॅलरीत वाळत ठेवलाय. बाबा सकाळपासून दोनदा त्याच्याकडे बघून मला विचारून झाले, "हा मोडणार नाही ना गं माझ्या वजनाने?"