सोड्याची छोटी टाकी परवडत नाही, मोठा सिलिंडर घ्यावा का?

रेघोट्या:
गोड शीतपेयं पूर्ण बंद केली, तेव्हापासून घरात रोज साध्या सोड्याच्या दोन-तीन बाटल्या लागतात. सोडा करायचं मशीन आहे. त्याच्या टाकीत ४१० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड गॅस, आणि खोक्यावर लिहिलंय ६० लिटरपर्यंत सोडा होतो. या खेपेला कपाटाच्या दाराला कागद चिकटवला आणि बाटलीमागे एक रेघ मारत गेले. ३८ रेघांवर टाकी रिकामी. बाटली ८४० मिलीची, म्हणजे जेमतेम ३२ लिटर. दर दोन आठवड्यांनी टाकी बदलून आणायची म्हणजे विकतचा सोडा काय वाईट होता, असं वाटायला लागलंय.

५ किलोचा भरून मिळणारा सिलिंडर घ्यायचा विचार आहे. त्यातून छोटी टाकी घरीच भरता येते का? घरात लहान मूल आहे, त्यामुळे धोक्याचंही स्पष्ट सांगा.

गारपाणी:
पाणी नळाचं घेता का फ्रीजमधलं? शून्य अंशाच्या पाण्यात २० अंशाच्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट गॅस विरघळतो. कोमट पाण्यात कितीही वेळा बटण दाबा, गॅस वरच्या वर निघून जातो.

जुना खटपट्या:
ताई, रेघा मारल्यात हे फार बरं केलंत. आता हिशोब बघा. चांगल्या झणझणीत सोड्यात लिटरला ७-८ ग्रॅम गॅस असतो. तुमचा गेला लिटरला जवळपास १३ ग्रॅम. वरचे पाच ग्रॅम प्रत्येक वेळी फुस्स आवाज करून हवेत गेले.

माझ्याकडे सहा वर्षं मोठा सिलिंडर आहे. मशीन मी कधीच काढून टाकलं. सिलिंडरवर गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर, त्याला नळी, नळीच्या टोकाला झटकन बसणारी जोडणी आणि बाटलीला व्हॉल्व्ह असलेलं झाकण, एवढंच सामान. सोड्याचीच प्लास्टिकची बाटली घ्यायची. काचेची कधीही नाही, ती फुटली तर तुकडे उडतात. पाऊण बाटली फ्रीजमधलं पाणी भरायचं, पाणी गळ्याशी येईपर्यंत बाटली दाबून आतली हवा काढायची आणि तशीच दाबून झाकण घट्ट लावायचं. दाब दोन-अडीच बारवर ठेवून नळी जोडली की चेपलेली बाटली टकटक करत फुगते आणि दगडासारखी टणक होते. मग ती जोरात हलवायची. रेग्युलेटरमधून गॅसची सूं-सूं ऐकू येते, ती हळूहळू मंदावते. आवाज थांबला की पाण्याचं पोट भरलं. अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम, आणि वाया जवळपास काहीच जात नाही. लगेच मात्र उघडू नका, तासभर फ्रीजमध्ये ठेवा. फक्त पाण्यातच गॅस भरा, रस-सरबत नंतर मिसळा, नाहीतर फेस नळीत शिरतो.

छोटी टाकी घरी भरण्याबद्दल. मी वर्षभर तेच करत होतो. एकदा वजन न करता अंदाजाने भरली. दुपारी स्वयंपाकघर तापलं, टाकीची सुरक्षा-चकती फुटली आणि सगळा गॅस काही क्षणांत बाहेर आला. टाकीवर बर्फ चढला, ओट्यावर पांढरा धूर. नशिबाने आत कोणी नव्हतं. टाकीत गॅस द्रवरूपात असतो. काठोकाठ भरला की तापल्यावर फुगायला जागा राहत नाही. टाकीवर कोरलेलं रिकामं वजन अधिक ४१० ग्रॅम, त्यापुढे एक ग्रॅमही नाही. घरात मूल आहे म्हणताय, तर माझं ऐका, या भानगडीत पडूच नका.

गारपाणी:
यात भर. हा गॅस हवेच्या दीडपट जड असतो, गळला तर खाली साचतो आणि लहान मूल जमिनीच्या जवळ असतं. सिलिंडर बंद खोलीत किंवा कपाटात नको. उभाच ठेवा, भिंतीला साखळीने बांधा, काम झालं की मुख्य व्हॉल्व्ह बंद. कारण नसताना डोकं दुखलं किंवा धाप लागली तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. गॅस खाद्यपेयांसाठीचाच मागा, आणि सिलिंडरवरची तपासणीची तारीख बघून घ्या.

रेघोट्या:
दोघांचेही मनापासून आभार. नवीन टाकी लावून आज वजनकाट्यावर प्रयोग केला. नळाच्या पाण्याच्या बाटलीला १२ ग्रॅम गेले, फ्रीजमधल्या पाण्याला ८, आणि दुसरीच जास्त चरचरीत झाली! म्हणजे याच टाकीत पन्नासेक बाटल्या निघतील. तरी आमचा खप बघता मोठा सिलिंडर घेतेच, बाल्कनीत ठेवीन. टाकीतून टाकीत भरणं रद्द. गॅस किती उरलाय ते रेग्युलेटरच्या काट्यावर कळेल ना?

जुना खटपट्या:
नाही. आत द्रव आहे तोवर २० अंशाला सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा ५७ बारच्या आसपासच राहतो. तो घसरायला लागला म्हणजे गॅस संपतच आलाय. वजनच करायचं. बाल्कनीत ऊन मात्र नको. आणि सिलिंडर भरून आणलात की रेग्युलेटरचा नायलॉनचा वायसर नवा घाला, साबणाचं पाणी लावून बघा. जुन्या वायसरमधून रात्रीत अख्खा सिलिंडर रिकामा झालेला मी पाहिलाय.