वृद्धाश्रमात रात्री जागं कोण असतं?

म्हसरूळकर

आई चार महिने नाशिकमधल्या एका खासगी वृद्धाश्रमात होती. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका घराचा नाही. आईला स्मृतिभ्रंश, त्यात खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. मी सातपूरला पाळीत, बायकोही नोकरीला. दर रविवारी अकराला आम्ही जायचो. वेणी घातलेली, अंगाला पावडर, स्वच्छ गाऊन. समाधान वाटायचं.

एका बुधवारी रात्रपाळी संपवून परस्पर तिकडे गेलो. सकाळचे साडेसहा वाजले होते. दार उघडायलाच वीस मिनिटं लागली. आई ओल्या डायपरमध्ये पडलेली होती. कुशीवर वळवलं तर माकडहाडावर जखम, रुपयाएवढी, पण आत खोल. मावशी रडायला लागली. म्हणाली, "दादा, रात्री मी एकटीच असते. सतरा जण आहेत." त्या मावशीवर माझा राग नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते इथे लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. अशी जखम वर दिसण्याआधी कातडी लाल होते आणि बोटाने दाबली तरी लाली जात नाही. तेव्हाच कूस बदलत राहिलं, ओल टाळली, तर पुढचं बरंचसं टळतं. म्हणजे कुणीतरी रोज पाठ पाहायला हवी.

माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. रात्री कामावर किती माणसं आहेत, ते दारावर लिहा. अंथरुणावरच्या माणसाची कूस कधी बदलली, त्याची वही ठेवा आणि नातेवाइकांना दाखवा. आणि न कळवता, कोणत्याही वेळी आत येऊ द्या. हे चालकाच्या मर्जीवर नको, कायद्यात हवं; दवाखान्यासारखी अशा घरांची नोंदणी हवी, नर्स हवी. ज्येष्ठांसाठी घर बांधून विकणाऱ्या बिल्डरला महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये नियम घातले: लिफ्ट, उतार, रुंद दारं, न घसरणाऱ्या फरश्या. मग त्या फरशीवरून माणसाला कोण उचलणार, याला नियम का नाही?

ओझरचे काका

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चार महिन्यांत आईची पाठ तुम्ही एकदाही पाहिली नाहीत? महिन्याला पैसे भरले की आपलं काम संपलं, असं समजणाऱ्यांसाठी कितीही कायदे केले तरी कमीच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. सांभाळ केला नाही म्हणून प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. कायदा आहे, माया आटली आहे. माझी आई शेवटची सहा वर्षं घरी अंथरुणावर होती. आम्ही दोघांनी केलं.

म्हसरूळकर

नाही पाहिली, काका. मुलाने आईचा गाऊन वर करायचा कसा, याचा संकोच होता. बायकोला वाटलं, तिथल्या बायका पाहत असतील. ते ओझं माझं आहे आणि ते मी वाहतो आहे. पण तुम्ही सांगता तो कायदा मुलांनी टाकून देण्याबद्दलचा. मी टाकलं नव्हतं. मी पैसे देऊन सेवा घेतली होती आणि ती सेवा तपासणारं कुणी नाही, एवढंच म्हणतोय.

आनंदी, सिडको

काका, "आम्ही दोघांनी केलं" यातलं काकूंनी किती केलं? रागाने विचारत नाही. माझ्या सासूबाईंचं मी साडेतीन वर्षं केलं, नोकरी सोडून. त्यातच माझी कंबर गेली. शेवटी त्या आमच्याच बाथरूममध्ये पडल्या, आमच्याच डोळ्यांदेखत. घरात ठेवलं म्हणजे माणूस सुरक्षित, हा समज सोडला पाहिजे.

चालिका

मी पाथर्डी फाट्याच्या पुढे सोळा जणांचं घर चालवते, म्हणून चालवणाऱ्याची बाजू मांडते. ताईंचं दुःख खरं आहे आणि दादांचंही. पण "दवाखान्यासारखी नोंदणी करा, नर्स ठेवा" असं झालं, तर काय होईल ते ऐका. दिवसरात्र शिकलेली नर्स ठेवायची तर सुट्ट्या धरून निदान चार जणी लागतात. तो खर्च सोळा घरांवर वाटला की निवृत्त कारकुनाच्या पेन्शनमध्ये बसत नाही. मोठी, चकचकीत घरं टिकतील. माझ्यासारखी बंद पडतील आणि ही माणसं परत मागच्या अंधाऱ्या खोलीत जातील. तिथे तर वहीही नाही आणि मावशीही नाही.

आता कधीही आत येण्याबद्दल. एका रात्री साडेदहाला एक मुलगा दारू पिऊन आला, हातात स्टॅम्प पेपर. आईचा अंगठा हवा होता. आम्ही दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती माउली माझा हात धरून बसली होती. माझं दार आठनंतर बंद असतं ते तिच्यासाठी. शिवाय एका खोलीत तीन बायका झोपतात. एकीच्या मुलाला मध्यरात्री आत घेतलं, तर बाकी दोघींच्या लाजेचं काय?

सिस्टर, नाशिकरोड

बावीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे. चालिकाताई, तुमची आठनंतरच्या दाराची गोष्ट मला पटली. पण रात्रीचा हिशेब मांडते. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही, त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. सतरा जणांत असे सहा धरा. वळवणं, डायपर बदलणं, पाठ कोरडी करणं, चादर ताणणं, एकाला दहा मिनिटं. म्हणजे दोन तासांतला एक तास यातच जातो. आणि भारी माणूस एकटीने वळवता येत नाही, ओढावा लागतो. ओढण्यानेच कातडी फाटते. रात्री एकच मावशी असेल, तर ती कितीही मायेची असो, काम अर्धवटच राहणार.

मग काय होतं तेही सांगते, कारण हे कुणी उघड बोलत नाही. संध्याकाळी पाणी कमी देतात, म्हणजे रात्री डायपर कमी भरतो. पाणी कमी पडलं की लघवीचा संसर्ग, त्यातून म्हातारी माणसं एकाएकी बरळायला लागतात. बरळलं की झोपेचं किंवा शांत करणारं औषध. स्मृतिभ्रंशाच्या माणसांत त्यातल्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेत २००५ पासून तसा ठळक इशारा द्यावा लागतो. गुंगीत आडवं असतानाच दूधभात भरवला, तर तो श्वासनलिकेत जातो. पुढे न्यूमोनिया. मृत्यूच्या दाखल्यावर वय लिहिलं की कुणी पुढे विचारत नाही.

म्हणून आईला भेटायला जाल तेव्हा रुग्णाची फाइल मागा. नवीन गोळी कधी सुरू झाली, कोणत्या डॉक्टरने लिहिली, हे विचारा. टाचा पाहा, पाठ पाहा, जीभ कोरडी आहे का पाहा.

गोदाघाट

नोंदणीवर एवढा भरवसा ठेवू नका. २१ एप्रिल २०२१ आठवा. आपल्याच गावात, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब गेला आणि बावीस माणसं त्या दिवशी गेली. तिथे डॉक्टर होते, नर्स होत्या, सरकारी कागद सगळे होते. कागदाने माणूस जगत नाही. उद्या निरीक्षक नेमलात तर तो वर्षातून एकदा येईल, चहा घेईल, सही करेल. भुर्दंड मात्र म्हाताऱ्यांच्या फीमध्ये चढेल. सेवा वाईट मिळाली तर जिल्हा ग्राहक आयोगात जा, पैसे देऊन घेतलेली सेवा तिथे चालते.

म्हसरूळकर

त्या दिवशी माझ्या शेजारचे एक जण तिथे होते. तो दिवस मी विसरणार नाही. पण पुढे काय झालं तेही आठवा. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, कारण कोण जबाबदार हे विचारायला जागा होती. अंथरुणात सडून गेलेल्या म्हातारीची समिती कोण बसवतं? आणि ग्राहक आयोगात साक्ष कुणाची काढू? आईला माझं नाव आठवत नाही. जखम घरून आणली की तिथे झाली, हे वहीशिवाय कसं सिद्ध करू?

काकांनी सांगितलेल्या २००७ च्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. त्यात अशा घरांची नोंदणी आणि किमान निकष होते. ते मंजूर झालंच नाही, सतराव्या लोकसभेबरोबर बाद झालं. ते परत आलं पाहिजे. तोवर तक्रारीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, १४५६७. फोन नक्की करा, पण फोन करायला आतल्या माणसाजवळ मोबाईल हवा.

आनंदी, सिडको

सीसीटीव्ही लावून मोबाईलवर दाखवायला काय हरकत आहे?

सिस्टर, नाशिकरोड

व्हरांड्यात, जिन्यात, स्वयंपाकघरात लावा. खाटेवर नको. डायपर बदलताना तुमचा कॅमेरा चालू असलेला तुम्हाला चालेल का?

जेलरोडचे आजोबा

मी प्रेसमधून निवृत्त, वय एकोणऐंशी. तीन वर्षं अशाच एका घरात राहतो. नातवाने हे सगळं वाचून दाखवलं, तोच टाइप करतोय.

तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलता आहात, म्हणून दोन शब्द. मुलगा भेटायला येतो आणि मावशी समोर उभी असताना विचारतो, "बाबा, काही त्रास नाही ना?" मी काय सांगणार? तो तासाभराने जाणार. संध्याकाळी मला संडासला तीच नेणार. एकदा डिसेंबरात बोललो होतो, की अंघोळीचं पाणी गार असतं. आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर आठ दिवस माझी अंघोळ सर्वांत शेवटी. कुणी मारलं नाही, काही नाही. फक्त शेवटी.

बोलायचं असेल तर आम्हाला बाहेर अंगणात न्या. आणि घंटा आहे का, असं विचारू नका. ती पलंगावर आडवं पडून हाताला लागते का, ते स्वतः झोपून बघा. माझी दीड वर्ष भिंतीवर होती.

ओझरचे काका

आजोबा, नमस्कार करतो. मगाशी मी जे आनंदीताईंना उत्तर द्यायला टाळलं, ते आता देतो. पाठ पुसायचं काम सहा वर्षं हिनेच केलं. मी औषधं आणायचो. तरीही माझं मत कायम आहे, की रोज कुणीतरी घरचं माणूस जायला हवं. सरकारी माणूस नव्हे, घरचं.

चालिका

आजोबांचं वाचून आज आमच्या सगळ्या घंटा झोपून पाहिल्या. दोन पोहोचत नव्हत्या. दोरी बांधून खाली घेतल्या.

दादा, वही मला मान्य. ज्यांना हलता येत नाही, त्यांच्या उशाशी सोमवारपासून लटकवते, सिस्टरांनी नमुना द्यावा. दारावर रात्रीचा आकडाही लिहीन. आज तो दोन आहे, एकीच्या सुट्टीच्या दिवशी एक होतो, तेही तसंच लिहीन. पण नर्सची सक्ती मला मान्य नाही आणि आठनंतरचं दार बंदच राहील.

म्हसरूळकर

आठनंतर येत नाही. आईला आता घरी आणलं आहे, जखम भरते आहे, पण बायकोची रजा पुढच्या महिन्यात संपते. तेव्हा कदाचित तुमच्याचकडे येऊ. मी सकाळी सहाला, न सांगता आलो तर?

चालिका

या. पावणेसहाला दूधवाला येतो, तेव्हापासून दार उघडंच असतं.