निवृत्तीनंतर मुंबईतील घर विकून कर्जतला जावे का?

चर्चाप्रस्तावक, मुलुंड : आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि पुनर्विकासावर सभासदांचे एकमत होण्याची चिन्हे नाहीत. त्यामुळे सदनिका विकून कर्जत परिसरातील ज्येष्ठांच्या संकुलात तळमजल्यावर घर घ्यावे आणि उरलेली रक्कम मुदतठेवीत ठेवावी, असे माझे मत आहे. लोणावळ्याचा पर्याय आम्हाला नको, कारण तेथील थंडी आमच्या सांध्यांना सोसत नाही. कर्जतची हवा उबदार आहे आणि तेथून थेट लोकलही आहे. शिवाय महारेराने (महाराष्ट्रातील गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले आहेत. त्यांत दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद असावेत, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाईल, इतका बारीक तपशीलही आहे.

विरोधी मत, डोंबिवली : आपण कर्जतची हवा डिसेंबरात पाहिलेली दिसते. मे महिन्यात घाटपायथ्याची उष्णता अंगावर येते, आणि पावसाळ्याविषयी बोलायचे तर २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणीदरम्यान अडकली होती. मुंबईकडे येणारी आपली थेट लोकल त्याच मार्गावरून धावते. परंतु माझा मुख्य आक्षेप हवेवर नाही. घर दोघांसाठी घेतले जाते, मात्र पुढेमागे त्यात एकच जण उरतो, आणि बहुधा ज्याला गाडी चालवता येत नाही तोच. त्या व्यक्तीला रात्री छातीत दुखू लागले, तर हृदयरोगतज्ज्ञ किती अंतरावर आहे, हा प्रश्न दरवाजाच्या रुंदीआधी विचारायला हवा. (संकुलाच्या माहितीपत्रकातील ‘रुग्णालय जवळच’ या शब्दांवर मी तरी विसंबणार नाही.)

चर्चाप्रस्तावक : प्रश्न रास्त आहे. मात्र रुग्णालय दहा मिनिटांवर असूनही रुग्णाला तीन जिने उतरवायला रात्री माणसे मिळत नसतील, तर त्या जवळिकीचा उपयोग काय? एकटेपणाचे म्हणाल, तर ज्या मजल्यावरची निम्मी घरे भाड्याने दिलेली आहेत, तेथे आम्ही आजही एकटेच आहोत.

तिसरे मत, ठाणे : विकण्याची घाई दोघांच्याही बोलण्यात गृहीत धरली आहे, ती मला पटत नाही. मुलुंडची सदनिका अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे मुदतीच्या भाडेकरारावर, द्यावी आणि त्याच भाड्यातून कर्जतला भाड्याने राहून एक उन्हाळा व एक पावसाळा काढावा. आधी विकल्यास प्राप्तिकराचे घड्याळ सुरू होते : दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील, म्हणजे जुने घर विकून झालेल्या नफ्यावरील, करसवलतीसाठी तयार घर विक्रीपूर्वी एका वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यावे लागते, बांधायचे असल्यास तीन वर्षांत, आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. म्हणजे जागा पारखायला ज्या काळाची गरज आहे, नेमका तोच काळ विक्रीमुळे कमी होतो.

विरोधी मत, डोंबिवली : भाड्याने राहून पाहण्यास माझाही विरोध नाही. फक्त त्या काळात व्यवस्थापनाला एक गोष्ट लेखी विचारावी. अशा वाढत्या वसाहतींत पहिली काही वर्षे बरीच घरे बंद असतात. तेव्हा परिचारिका, भोजनगृह आणि रुग्णवाहिका यांचा खर्च विकासक सोसणार, की राहायला आलेल्या मोजक्या कुटुंबांच्या देखभाल शुल्कावर पडणार? करारनाम्यात याचे उत्तर नसेल, तर मी टोकनची रक्कमही देणार नाही.